'मुलं वाचत नाहीत' म्हणजे नक्की कोणती मुलं?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली पहिली ते दहावीची मराठी माध्यमाची शाळा. मुख्याध्यापिका लिहितात, "दर शनिवारी वाचनतास असतो, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, ग्रंथालयाच्या कपाटात सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. तरी लहान-मोठ्या कुठल्याच वर्गात मुलं वाचती झालेली दिसत नाहीत. नववीत तर एक मुलगा असा आहे की त्याला सलग दोन ओळी वाचता येत नाहीत. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

'ग्रंथालयाचं कपाट' हे शब्द वाचून मी जरा थांबलेच. माझ्या पहिल्या शाळेतही असं कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. त्या कपाटाकडे परत येईनच. १७ वर्षं मी जव्हार-मोखाड्याकडे प्राथमिक शिक्षिका होते. त्यानंतरची १२ वर्षं शाळाशाळांमधून वाचनाची घडी बसवून देण्यात गेली. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळा पाहिल्या, हजारभर पटाची हायस्कुलंही पाहिली. 'मुलं वाचत नाहीत' हे वाक्य प्रत्येक शिक्षकखोलीत ऐकलं. दर वेळी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निराळं मूल असतं, उपाय मात्र सगळ्यांना एकच सांगितला जातो.

एकाला वाचता येत नाही. दुसऱ्याला येतं, पण वाचलेलं कळत नाही. तिसऱ्याला येतं आणि कळतंही, पण तो पुस्तक हातात घेत नाही. तुमचा शनिवारचा तास झालाच तर या तिसऱ्याच्या उपयोगाचा. पहिला त्या तासाला चित्रं बघतो किंवा ओठ हलवत बसतो. हे सोंग मुलं फार सफाईने वठवतात. सहावी-सातवीपर्यंत बाईंना पत्ता लागू देत नाहीत. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आधीचं बरंच संशोधन तपासलं, तेव्हा नुसता मूकवाचनाचा तास दिल्याने वाचन सुधारतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नव्हता. मला याचं नवल वाटलं नाही.

म्हणून पहिला आठवडा चाळणीचा. पहिली ते दहावी, प्रत्येक मुलासोबत तीन मिनिटं बसायचं. साधन आयतं आहे. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून वापरतात ती पायरी घ्या: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर अडतं ते लिहून ठेवायचं. २०२२ च्या असरमध्ये देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची साधारण ४३ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. तेव्हा तुमच्या हायस्कुलाच्या वर्गात न वाचणारी मुलं निघाली तर घाबरून जाऊ नका आणि प्राथमिकच्या शिक्षकांवर खापरही फोडू नका. गोष्ट वाचणाऱ्याला पुढे विचारायचं, "आता हेच तुझ्या भाषेत मला सांग." घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल, किंबहुना तसंच सांगू द्या. आणि शेवटी सहज विचारावं तसं: "कुणी न सांगता तू शेवटचं काय वाचलंस?" या तीन प्रश्नांतून तुमच्याकडे तीन याद्या तयार होतात.

या तपासणीत एक नजर डोळ्यांवरही असू द्या. पुस्तक नाकाशी धरणारी, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांना आधी चष्मा लागतो, वाचनाचे तास नंतर. आणि खूप प्रयत्न करूनही अक्षरं डोक्यात ठरतच नाहीत, बाकी मूल हुशार आहे, अशी एखादी मुलगी किंवा मुलगा दिसला तर पालकांना बोलावून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करण्यापेक्षा हे पाचवीत झालेलं बरं.

आता याद्यांकडे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं: अक्षरांची उकल (म्हणजे छापलेलं ओळखून वाचता येणं) गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे हे लक्षात घ्या. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही असो, उत्तर शून्यच. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवलं होतं, कारण शाळेत आपण नेहमी चुकीच्या बाजूला जोर लावतो. उकल न येणाऱ्याला गोष्टीचं तात्पर्य विचारतो आणि समज कमी असणाऱ्याकडून बाराखडी घोकून घेतो.

पहिली यादी, म्हणजे उकल. मराठीत ती नेमकी कुठे अडते याच्या ठरलेल्या जागा आहेत आणि त्या माहीत असल्या तर निम्मं काम होतं. क ख ग घ ङ या क्रमाने सगळी अक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, ही वाट फार लांबची. मूल चार-सहा महिने निरर्थक आकार गिरवत राहतं. त्याऐवजी थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द करा. म, क, ल, र, न, स, आ आणि काना एवढ्यावर 'मामा आला. काका आला. आमरस आला!' हे वाचता येतं. तिसऱ्या आठवड्यात मूल आमरसाचं वाक्य वाचून हसलं की पुढची अक्षरं तेच मागून घेतं. फलटणची प्रगत शिक्षण संस्था, वाड्याजवळच्या सोनाळ्याची क्वेस्ट ही मंडळी अशा तऱ्हेने वर्षानुवर्षं काम करत आली आहेत. जमलं तर तुमच्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांना त्यांचं काम एकदा प्रत्यक्ष दाखवून आणा.

यापुढची अडचण शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. जव्हारला माझ्या वर्गात एक मुलगी 'बसला' हा शब्द ब-स-ला असा तोडून वाचायची. प्रत्येक अक्षर अचूक. पण शब्द काय झाला विचारलं की गप्प. कारण बोलताना आपण 'बस्ला' म्हणतो. 'स'मधला अ आपल्या तोंडी येतच नाही. 'करवत' आपण 'कर्-वत्' म्हणतो, 'कमळ'च्या शेवटचा अ गिळतो. अक्षर-अक्षर शुद्ध वाचणाऱ्या मुलाला स्वतःच्याच घरातला शब्द ओळखू येत नाही. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणायला लागले: "आता तेच पटकन म्हण, आईला सांगतेस तसं." ती म्हणाली, "बस्ला! बाई, तो बस्ला!" तिला जे कळलं ते मलाही त्याच दिवशी कळलं, नोकरीच्या सहाव्या वर्षी.

अशा आणखी जागा आहेत. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर, म्हणून 'किती' वाचताना मूल अडखळतं. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच, उच्चार दोन. र तर बहुरूपी: सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा, चार शब्दांत चार रूपं. ही चारही रूपं एकाच दिवशी फळ्यावर मांडून 'हा सगळा र आहे' असं सांगितलेलं मुलांना फार आवडतं. आणि हल्ली एक नवीच गंमत झाली आहे. पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे, पाकळीचा ल आणि देठाचा श असतात, मोबाइलवर आणि हिंदीच्या पुस्तकात वेगळ्या वळणाचे. २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श पुन्हा पक्के केले आहेत, पण मोबाइलवरच्या फॉन्टला शासन निर्णय कोण सांगणार! दोन्ही रूपं मुलांना दाखवून ठेवा.

वेगाबद्दल थोडंच. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. 'अर्थ समजून' हे दोन शब्द विसरून घड्याळ लावणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. शिवाय मराठीत 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द होतो. घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा: मूल बोलल्यासारखं वाचतंय की दगड फोडल्यासारखं? दगड फोडत असेल तर तोच उतारा तीनदा वाचू द्या. आधी तुमच्या पाठोपाठ, मग जोडीदाराबरोबर, मग एकट्याने. एकेकाला उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावणं मात्र कृपा करून बंद करा. ज्याला येतं त्याला त्याचा उपयोग नाही आणि ज्याला येत नाही तो त्या दिवसापासून पुस्तकाचा वैरी होतो.

दुसरी यादी पाचवीपासून फुगायला लागते. तोवर पुस्तकात गोष्टी असतात, बोलीतले शब्द असतात. पुढे 'बाष्पीभवन', 'उत्सर्जन', 'परस्परावलंबन' येतात. मूल खडाखड वाचतं, आपल्याला वाटतं वाचन झालं. मी सातवीतल्या एका मुलाला भूगोलातला परिच्छेद वाचल्यावर विचारलं, "यात काय सांगितलंय?" तो म्हणाला, "बाई, प्रश्न विचारा ना, उत्तर शोधून देतो." प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य वहीत उतरवायचं, याला तो वाचन समजत होता. त्यात त्याची काय चूक? चार वर्षं आपण त्याच्याकडून तेच करून घेतलं होतं.

इथे भाषेच्या शिक्षकाचं एकट्याचं काम नाही. विज्ञान, इतिहास, भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने धड्यातले दोन परिच्छेद मोठ्याने वाचावेत आणि वाचताना स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते बोलून दाखवावं: "इथे 'परिणामी' आलंय, म्हणजे वर कारण दिलेलं असणार, थांबा, मागे जाऊन बघते." तथापि, परिणामी, अन्यथा, याउलट, म्हणजेच हे शब्द परिच्छेदाचे सांधे असतात. पारिभाषिक शब्द आपण फळ्यावर लिहून देतो, हे सांधे मात्र कुणी शिकवत नाही. माझा अनुभव असा की सहावी-सातवीत असे पंधरा-वीस शब्द पक्के झाले तर मुलांचं वाचन डोळ्यांदेखत बदलतं.

तुमच्याकडे सेमी-इंग्रजीच्या तुकड्या असतील तर तिथे आणखी एक पेच असतो. विज्ञान-गणित इंग्रजीत गेल्यामुळे मुलांच्या वाट्याला माहितीपर मराठी फार कमी येतं आणि इंग्रजी अजून पुरेसं आलेलं नसतं. मग दोन्ही भाषांत नुसतं वरवरचं वाचणारी तुकडी तयार होते. त्या वर्गांना विज्ञानाची मराठी पुस्तकं मुद्दाम पुरवा, परीक्षेपुरती नव्हे, हाताळायला. आणि आदिवासी पट्ट्यातली किंवा स्थलांतरित कुटुंबांतली मुलं असतील तर 'समज' या शब्दाचा अर्थच वेगळा होतो. माझ्या वारली मुलांना 'गच्चीवर पतंग उडवला' या वाक्यातली गच्ची माहीत नव्हती, तशी घरंच पाड्यावर नव्हती. उकल पूर्ण, चित्र शून्य. त्यांच्याकडून त्यांच्याच पाड्यावरच्या गोष्टी ऐकून मी त्यांच्या भाषेत चार-चार ओळींची पुस्तकं हाताने केली. पाठकोऱ्या कागदांवर केलेली ती पुस्तकं वाचून वाचून चिंध्या झाली.

आता ते कपाट. तिसऱ्या यादीतल्या मुलांचा प्रश्न बहुतांशी त्या कपाटातच आहे. ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपल्या शाळांत ती साठा नोंदवहीसाठी असतात. मी किल्ली पर्समध्ये का ठेवायची? कारण माझ्या आधीच्या बाईंकडून हरवलेल्या पुस्तकांची वसुली करण्याची भाषा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी केली होती. ही भीती खरी असते, शिक्षकांना नुसता उपदेश करून ती जात नाही. तुम्ही मुख्याध्यापिका आहात, तुम्हीच ती काढू शकता. दरवर्षी फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी करायची, शाळा समितीपुढे ठेवायची, रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करायची, आणि शिक्षकांना लेखी कळवायचं की वाचून फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कुणाकडूनही घेतली जाणार नाही. मी कपाट उघडलं त्या पहिल्या वर्षी दीडएक डझन पुस्तकं परत आली नाहीत. पुढे एका घरी गेले तेव्हा त्यातलं एक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं दिसलं. मी ते मागितलं नाही. संस्थेने कुरकुर केली तर शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची दाखवा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

सहाशे पुस्तकांतली निम्मी बहुधा काढून टाकावी लागतील. जुनी गाइडं, कुणीतरी देणगीत दिलेले स्वतःचे कवितासंग्रह, बारीक टायपातली चरित्रं. उरलेली वर्गावर्गात वाटून टाका. सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालतात तशी पुस्तकं तिच्यावर घाला, मुखपृष्ठ बाहेर. कण्यावरची बारीक नावं वाचून पुस्तक निवडणारं मूल आधीच वाचक झालेलं असतं. बाकीच्यांना चित्र दिसायला हवं. देवघेवीची नोंद मुलांनीच एका वहीत करावी. नवी खरेदी करताना चार मुलांना दुकानात किंवा प्रदर्शनात सोबत न्या आणि त्यांनी उचललेलं पुस्तक, तुम्हाला आवडलं नाही तरी, घ्या. माझ्या शाळेत भुतांच्या गोष्टींच्या एका स्वस्त पुस्तकाने जितकी मुलं वाचती केली तितकी एकाही सुसंस्कार मालिकेने केली नाहीत. आठवी-नववीच्या मुलांना क्रिकेट, यंत्रं, गुन्हेशोध, शेतीतले प्रयोग, जे रुचेल ते द्या. पैसे कमी असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चार पातळ्यांची मराठी पुस्तकं आहेत, ती छापूनही घेता येतात.

मोजणी मात्र करू नका. 'महिन्यात जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस' ही स्पर्धा मी एक वर्ष घेतली. पहिली आलेली मुलगी पहिलं आणि शेवटचं पान वाचून पुस्तक परत करत होती, हे तिनेच मला दहावी झाल्यावर सांगितलं. गोष्टीनंतर 'तात्पर्य काय?' हेही वर्षभर विचारू नका. वाटलंच तर "तुला कुठे हसू आलं?" एवढं विचारा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर करा, कलामांच्या जयंतीला २०१५ पासून तो होतोच आहे. पण त्या दिवशीचा पुस्तकांचा स्टॉल १६ तारखेलाही तसाच राहू द्या.

एवढ्या सगळ्यातलं एकच करणं शक्य असेल तर काय करू, असं तुम्ही पुढे विचाराल, म्हणून सांगते: रोज वाचून दाखवा. पहिलीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक वर्गाला, मधली सुट्टी संपल्यावर बारा मिनिटं. तिन्ही याद्यांतल्या मुलांना एकदम पोचणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. ज्याला उकल येत नाही त्याच्या कानावर पुस्तकी भाषा पडते, ज्याला समजत नाही त्याला वाक्याची चाल कळते, आणि तिसऱ्याला पुढचं ऐकायला उद्याची वाट बघवत नाही. दहावीला वाचून दाखवायचं म्हटलं की शिक्षक हसतात. मोठी मुलं पहिले दोन दिवस मागच्या बाकांवर खिदळतात, हेही खरं. मी चौथ्या दिवशी नेमक्या अडचणीच्या जागी पुस्तक मिटलं होतं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, असं कुठं असतं का?" मोठ्या वर्गांना लांब कादंबरी क्रमशः घ्या. पुस्तक स्वतः आधी वाचलेलं असू द्या, संवाद आवाज बदलून वाचा, वाचन झाल्यावर प्रश्न नकोत, स्वाध्याय नको. पुस्तक तिथेच टेबलावर ठेवून वर्गाबाहेर पडा. पुढचं वाचायला कोण ते उचलतं ते मात्र बघून ठेवा.

राहिला नववीतला मुलगा. त्याला पहिलीचं पुस्तक देऊन वेगळं बसवू नका. चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्यासारखा अपमान नाही, तो शाळाच सोडेल. मी एकदा अशाच एका मोठ्या मुलासाठी हा मार्ग काढला होता. त्याला सांगितलं, पहिलीच्या बाईंना मदत हवी आहे, शुक्रवारी लहान मुलांना एक गोष्ट वाचून दाखवशील? चित्रांचं, दोन-दोन ओळींचं पुस्तक सोमवारीच त्याच्या हाती दिलं. शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटं त्याची 'तयारी' घेतली. लहानांसाठी वाचायचं असल्यामुळे सोपं पुस्तक हातात धरायला त्याला लाज वाटली नाही. तयारीच्या नावाखाली अक्षरं, मात्रा, तो 'बस्ला', सगळं झालं. पहिल्या शुक्रवारी मी वर्गात थांबले नाही, बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. तो दोन ठिकाणी अडला. दोन्ही वेळा पहिलीतल्या मुलांनी चित्र बघून शब्द ओरडून सांगितला, आणि तो पुढे वाचत गेला.